ताऱ्यांच्या कक्षांवर पीएचडी करायची आहे? आधी हे गणित सोडवा

एमएस्सी फिजिक्स करणारी मुलं-मुली विचारतात, "ब्लॅक होलवर पीएचडी करायची आहे, काय वाचू?" मी आधी एक गणित घालते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस-टू नावाचा तारा सुमारे १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्याच्या लंबवर्तुळाचा अर्धा मोठा अक्ष पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १००० पट. आता कक्षेचा आकार आणि फेरीचा काळ यांवरून मधलं वस्तुमान देणारा केप्लरचा तिसरा नियम लावा (अंतर पृथ्वी-सूर्य अंतरात, काळ वर्षांत, उत्तर सूर्याच्या वस्तुमानात) : हजाराचा घन भागिले सोळाचा वर्ग. उत्तर ३९ लाख. म्हणजे मध्ये जे काही बसलंय, त्याचं वस्तुमान जवळपास चाळीस लाख सूर्यांएवढं! काटेकोर मोजमापांतून आज ४३ लाखांच्या आसपासचा आकडा येतो.

हे करून ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याने या विषयात, म्हणजे ताऱ्यांच्या कक्षांच्या अभ्यासात, यावं. ज्याला फक्त ब्लॅक होलच्या आत काय आहे याचंच कुतूहल आहे, त्याने दुसरा गाइड शोधावा. आमच्याकडे कृष्णविवर हा बहुतेक वेळा नुसता एक वजनदार बिंदू असतो. सगळी गंमत त्याच्याभोवती फिरणाऱ्यांची.

अर्थात गणित पाच मिनिटांचं असलं तरी त्यातले दोन आकडे तितक्या सहज मिळाले नाहीत. राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेआ गेझ या खगोलशास्त्रज्ञांचे गट १९९० च्या दशकापासून आकाशाचा तोच इवलासा तुकडा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात टिपत राहिले, कारण मधल्या धुळीमुळे साध्या प्रकाशात केंद्र दिसतच नाही. मे २०१८ मध्ये एस-टू केंद्राच्या सर्वांत जवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त होता. दोघांना नोबेल मिळालं २०२० मध्ये.

पुढची पायरी कोडची. पायथनमध्ये एका ताऱ्याची कक्षा स्वतः काढा, तयार पॅकेज न वापरता. ऑयलरच्या सरळसोट पद्धतीने (आत्ताच्या वेगाने थेट पुढचा टप्पा गाठत) काढलीत तर तारा हळूहळू बाहेर सरकत जाईल, कारण दर टप्प्याला थोडी खोटी ऊर्जा वाढते. मग लीपफ्रॉग ही पद्धत (वेग आणि स्थान आळीपाळीने, अर्ध्या टप्प्याच्या अंतराने पुढे नेणारी) वापरा आणि एकूण ऊर्जेचा आलेख काढा : ती वरखाली हलते, पण वाहवत नाही. ऊर्जेचा आलेख न दाखवता कुणी सिम्युलेशनचं सुंदर चित्र पुढे केलं, तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ही सवय पहिल्याच महिन्यात लागली तर पुढची दोन वर्षं वाचतात.

वाचनात सर्वाधिक वेळ खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९४३ च्या कामाला द्या. एखादी जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाते, तेव्हा तिच्या ओढीने तारे तिच्या मागे किंचित दाटतात आणि तीच दाटी तिला मागे खेचते. याला डायनॅमिकल फ्रिक्शन म्हणतात. दोन दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह) एकमेकींत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरं याच घर्षणाने केंद्राकडे उतरतात आणि जोडी बनवतात. मग जोडी जवळ येणाऱ्या ताऱ्यांना भिरकावून देते आणि स्वतः आणखी आकसते. पण भिरकावण्याजोगे तारेच संपले तर? गोल, शांत दीर्घिकेत हिशोब दोघांमधलं अंतर साधारण एक पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) उरलं की अडतो. दीर्घिका थोडी वेडीवाकडी असली तर नवे तारे केंद्राकडे येत राहतात, असं बरीच सिम्युलेशन्स सांगतात. मला हा प्रश्न पूर्ण सुटला असं वाटत नाही, आणि नवख्यांना करण्यासारखं काम इथेच भरपूर आहे. जून २०२३ मध्ये पल्सारांच्या (नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले. त्यांचं सर्वांत संभाव्य कारण म्हणजे अशाच महाकाय जोड्या. त्या निरीक्षणांत नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता.

डेटासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. गाया उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली आणि ती सगळी फुकट उपलब्ध आहे. थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) यायला हवं. एक सावधगिरी : दूरच्या ताऱ्यांचा पॅरलॅक्स (पृथ्वी फिरताना तारा आकाशात जेवढा सरकलेला दिसतो तो कोन, ज्यावरून अंतर कळतं) कधी कधी ऋण येतो. ते तारे गाळून टाकू नका आणि पॅरलॅक्स उलटा करून अंतरही काढू नका. ती मोजमापातली अनिश्चितता आहे, तिला संख्याशास्त्रानेच हाताळावं लागतं.

प्रवेशाचं म्हणाल तर पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए, बंगळुरूच्या आयआयए आणि आयआयएस्सी या संशोधन संस्था म्हणजे नेहमीच्या जागा. जेस्ट या प्रवेश परीक्षेचा अभ्यास वेळेवर सुरू करा. मुलाखतीत खगोलशास्त्राची माहिती कमी आणि मेकॅनिक्स जास्त विचारतात. घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : पीएचडीनंतर दोन-तीन पोस्टडॉक, बहुधा परदेशात, आणि कायमच्या जागा मोजक्या. बरेच जण नंतर डेटा सायन्समध्ये जातात, त्यात कमीपणा काही नाही. गाइड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येकडे पाहण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. पहिला पेपर कितव्या वर्षी आला आणि कोड कुणी लिहिला, एवढं विचारलंत तरी पुरे.