स्प्रिंग न बदलता जिम्नीला मोठे टायर: आधी मोजा, मग घ्या

दुकानासमोरच्या सपाट फरशीवर उभ्या गाडीला जवळजवळ कुठलाही टायर बसतो. खरा प्रश्न असतो स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना आणि त्याच बाजूची स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना तो बसतो का, हा. नागपुरात ही वेळ रामटेक-खिंडसीकडच्या कच्च्या वाटेवर येते आणि उमरेड रोडवरच्या एखाद्या खोल खड्ड्यातही येते. त्यामुळे टायर घेण्याआधी एक सकाळ मोजमापाला द्या. पैसे आणि मनस्ताप दोन्ही तिथेच वाचतात.

खालचे आकडे पाच दारांच्या मारुती जिम्नीचे आहेत. इतर गाड्यांनाही पद्धत हीच, फक्त बेरीज-वजाबाकी आपापली करायची.

आकाराचं गणित

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. १९५ ही मिलीमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. व्यास असा काढा: १९५ गुणिले ०.८० म्हणजे १५६, त्याची दुप्पट ३१२, त्यात रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१, मिळवा. एकूण ६९३ मिलीमीटर. याच हिशेबाने २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ येतो आणि २३५/७५ आर १५ चा ७३३.५.

गाडी किती उचलली जाईल हे पाहायचं तर व्यासातल्या फरकाचं निम्मं घ्या. २१५ लावले तर जेमतेम ५ मिलीमीटर, २३५ लावले तर २० मिलीमीटर. आकडा ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. पण एक लक्षात घ्या: जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग (दोन्ही चाकांना एकाच दांड्याने जोडणारा) अ‍ॅक्सल आहे. उंच स्प्रिंग टाकल्याने बॉडी वर जाते, अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा आहे तिथेच राहतो. दगडाला आधी लागतो तो हाच गोळा, आणि त्याला जमिनीपासून वर उचलणारी गोष्ट एकच, टायर. शिवाय २१५ मध्ये रबर जास्त, हवेचं आकारमान जास्त, आणि चांगल्या ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) नक्षीचे पर्यायही जास्त मिळतात.

रिमची रुंदी मात्र विसरली जाते. जिम्नीचं मूळ रिम ५.५ जे, म्हणजे साडेपाच इंच रुंद. २१५/७५ ला ५.५ ते ७ जे रिम चालतं, म्हणजे मूळ रिमवर तो नियमात बसतो. २३५/७५ ला किमान ६ जे लागतं. त्यामुळे मूळ रिमवर २३५ चढवणं चूकच. टायरवाला चढवून देईल, पण बीडच्या (रिमला घट्ट धरणाऱ्या टायरच्या कडेच्या) बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात, नक्षीचा मधला भाग फुगतो आणि मधूनच झिजतो. म्हणजे २३५ हवा असेल तर रिमही नवी. नव्या रिमचा ऑफसेट (रिम चाकाच्या जागेवर किती आत-बाहेर बसतं ते माप) वेगळा आला की चाक बाहेर सरकतं. आतल्या दांड्याला घासणं थांबतं, पण वळताना चाकाचा फेरा मोठा होऊन ते बंपरच्या कोपऱ्याला भिडतं. मग बंपर कापा, मग स्प्रिंग उंच करा. कंपनीच्या सस्पेन्शनवरच राहायचं असेल तर २१५/७५ ला थांबावं, हे आमचं स्पष्ट मत. जुन्या रिममागे स्पेसर (धातूची चकती) घालून चाक बाहेर काढण्याचा जुगाड तर नकोच. बेअरिंग आणि स्टडवरचा (चाक धरणाऱ्या बोल्टवरचा) ताण त्याने वाढतो.

थारवाल्यांसाठी थोडक्यात: २५५/६५ आर १८ चा व्यास ७८८.७, २६५/६५ आर १८ चा ८०१.७. फरक १३ मिलीमीटर. हीही एकच पायरी आणि तिथेच थांबण्याचं कारणही तेच. थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे मोजताना वरचा कंट्रोल आर्म आणि चाकाच्या खोबणीची मागची कड या दोन जागा आधी तपासा.

जुन्याच टायरवर मोजमाप

लागणारं सामान: १५०० ते २००० किलोचा जॅक, लाकडी स्लीपरचे दोन जाड तुकडे (एकावर एक ठेवून २०० ते २५० मिलीमीटर उंची यावी), चाकांना लावायला दोन पाचरी, मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले, मोजपट्टी आणि खडू.

सपाट जागी गाडी घ्या. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक ठोकळ्यांवर हळूच चढवा. गाडी तिरकी होते आणि पुढची डावी स्प्रिंग दबते. हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना पाचरी लावा. या अवस्थेत कोणी गाडीखाली जायचं नाही. सलग अ‍ॅक्सलचं एक टोक वर गेलं की टायरचा माथा आतल्या बाजूला झुकतो, म्हणून सरळ उभ्या गाडीत दिसलेली फट इथे दिसत नाही. नेमकी हीच अवस्था मोजायची.

आता चार ठिकाणी क्लेचे गोळे चिकटवा: पुढच्या बंपरच्या आतल्या कोपऱ्यावर, चाकामागच्या प्लास्टिक लायनरवर, मडफ्लॅपच्या वरच्या कडेला, आणि चाकाच्या आतल्या बाजूने अ‍ॅक्सलला धरणाऱ्या लांब दांड्यावर (गॅरेजात त्याला रेडियस आर्म म्हणतात). इंजिन चालू करून स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. गोळा दाबला गेला तर उरलेली जाडी मोजा. गोळ्याला टायर लागलाच नाही तर टायर आणि गोळ्यामधली फट मोजा. मग हेच ठोकळे उजव्या बाजूला लावून पुन्हा करा. दोन्ही बाजू सारख्या नसतात.

किती फट पुरे? २१५ ची त्रिज्या ५ मिलीमीटरने मोठी. बुश (सांध्यांमधलं रबर) दबले की अ‍ॅक्सल अजून ५ सरकतो. वर चिखलासाठी १५ सोडा. म्हणजे बंपर आणि लायनरकडे जुन्या टायरवर २५ मिलीमीटर हवेत. दांड्याकडचा हिशेब वेगळा. टायरची छापील रुंदी कंपनीच्या मोजमाप-रिमवरची असते, आणि रिम अर्ध्या इंचाने अरुंद झालं की टायर सुमारे ५ मिलीमीटरने अरुंद होतो. २१५ चं मोजमाप ६ जे वर, आपलं रिम ५.५, म्हणून प्रत्यक्षात साधारण २१०. जुन्यापेक्षा १५ जास्त, आतल्या बाजूला त्याचं निम्मं, ७.५. तिथे जुन्या टायरवर किमान १५ मिलीमीटर दिसले पाहिजेत. टायरच्या खांद्यावरचे रबरी ठोकळे बाहेर आलेली नक्षी निवडणार असाल तर त्यात अजून ५ धरा.

चिखलाचे १५ मिलीमीटर कोणी धरत नाही, आणि नागपुरात तेच सगळ्यात महागात पडतात. इथली काळी रेगड माती ओली असताना डिंकासारखी चिकटते. लायनर आणि टायरमधल्या अरुंद फटीत ती ठासून बसते, रात्रीतून वाळते आणि सकाळी विटेसारखी कडक झालेली असते. पहिल्याच वळणावर लायनरची क्लिप तुटते.

फट कमी पडली तर

आधी पुढचे मडफ्लॅप काढा किंवा वरची आतली कड १० ते १५ मिलीमीटर छाटा. बहुतेक वेळा घासणं तिथेच असतं आणि तिथेच संपतं. मग लायनर: स्क्रू सैल करा, हीट गनने प्लास्टिक मऊ करा, मागे दाबून धरा आणि थंड होऊ द्या. कापायची वेळ आली तर मार्करने रेघ मारून पातं वापरा. मागच्या पत्र्याला आणि वायरिंगला धक्का नको.

दांड्याशी घासत असेल तर स्टिअरिंग नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर), चाक कुठवर वळेल ते ठरवणारा बोल्ट असतो. त्याखाली २ ते ३ मिलीमीटरचा वॉशर दोन्ही बाजूंना सारखा घाला. किंमत म्हणजे वळण थोडं मोठं होतं. पाच दारांच्या जिम्नीचं वळण मुळातच ५.७ मीटर त्रिज्येचं आहे, त्यामुळे इतवारीच्या गल्लीत तो फरक जाणवेल. याउपर पत्रा कापावा लागत असेल तर तो आकार सोडून द्या.

टायर निवडताना

मूळ टायरवर ९६ एस असं असतं. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. नवा टायर भाराच्या आकड्यात ९६ पेक्षा कमी नको. २१५/७५ मध्ये १०० म्हणजे ८०० किलोचा टायर मिळतो. वेगाचं अक्षर मात्र पाहा. जाड ऑल-टेरेन टायर अनेकदा क्यू असतो, म्हणजे १६०. जिम्नीला ते पुरतं. पण जिथे १२० ची परवानगी आहे त्या समृद्धी महामार्गावर मे महिन्यातल्या भर दुपारी, कमी हवेने, सामान भरून सलग पळवणं ही वेगळीच कसोटी आहे. तिथे जड नक्षीचा टायर लवकर तापतो.

मड-टेरेन (खास चिखलासाठीचा टायर) हवा का? रेगडीत त्याच्या रुंद खाचा फिरताना माती फेकतात हे खरं. पण वर्षातले बहुतेक किलोमीटर शहरातल्या सिमेंट रोडवर जाणार असतील तर त्याचा आवाज आणि ओल्या रस्त्यावरचा लांबलेला ब्रेक रोज सोसावा लागतो. ऑल-टेरेन घ्या.

बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते: ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. पाचही टायर वर्षाच्या आतले आणि एकाच नक्षीचे मागा. पाच, कारण जिम्नीची फोर-व्हील ड्राइव्ह लिव्हर ओढून जोडावी लागते. जोडल्यावर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकाच वेगाने फिरतो. एक चाक लहान असलं की पकड असलेल्या रस्त्यावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) पीळ बसतो. जुनी लहान स्टेपनी तशीच ठेवणं म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी फोर-व्हील गमावणं.

बसवणं

नवे टायर, पाच नवे ट्यूबलेस व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं आणि रिमची कड साफ करायला तारेचा ब्रश एवढंच लागतं. बीडला साबणाचं पाणी लावूनच हवा भरायला सांगा. ४० पीएसआयपर्यंत बीड 'टक' करून बसला नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. आकडा वाढवत नेऊ नये. बॅलन्सिंग पाचही चाकांचं.

नट आधी हाताने फिरवा, मग १९ च्या सॉकेटने ताऱ्याच्या आकारात, एक सोडून एक. चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने आधी ५० आणि मग १०० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने ठोकून बसवलेला नट पुढे रानात पान्याने सुटत नाही, किंवा स्टड तरी ताणला जातो. ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा १०० वर तपासा.

मग अलाइनमेंट. या गाडीत पुढे फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) जुळवता येतो, कॅम्बर-कॅस्टरचे (चाकाच्या झुकावाच्या कोनांचे) पैसे कोणी मागितले तर कशाचे ते विचारा. ६० ते ८० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरू लागलं तर टायरला दोष देण्याआधी रिमच्या आतली वाळलेली माती धुवा. तरीही थरथर राहिली तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो सांधा) बेअरिंग आणि टाय-रॉड एंडमधली ढिलाई पाहा. जड चाक जुनी ढिलाई उघडी पाडतं.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरच्या आकड्यापासून सुरू करा, एलटी (लाइट ट्रक, जास्त मजबूत) बांधणीचा टायर असेल तर ३ ते ४ पीएसआय जास्त. नक्षीवर आडवी खडूची रेघ ओढा, सरळ रस्त्यावर २०० मीटर जा. मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. मोजायची पहाटे, थंड टायरवर. तापमान साधारण ६ अंशांनी चढलं की १ पीएसआय वाढतो, म्हणजे सकाळचे २८ अंश दुपारी ४५ झाले तर ३ पीएसआय आपोआप चढतात. ते पाहून हवा सोडू नका. चिखलात १८ पर्यंत उतरवा, साध्या रिमवर १५ च्या खाली नको, आणि डांबर लागलं की लगेच भरा. गाडीत छोटा कॉम्प्रेसर हवाच.

कागद आणि काटा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. एमएच ३१, ४० किंवा ४९, पासिंग कुठलंही असो, मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक सगळ्यात आधी नजरेत भरतं. विमा कंपनीला आकार लेखी कळवा आणि वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरचं उत्तर लेखी घ्या.

स्पीडोमीटरमधला फरक २१५ ला १.५ टक्के, म्हणजे काटा ८० दाखवताना सुमारे ८१. २३५ ला ५.८ टक्के, म्हणजे जवळजवळ ८५, आणि ब्रेक व पाचवा गिअर यांच्यावरचा बोजाही तितकाच वाढतो. मोबाइलच्या जीपीएसने ४०, ६०, ८० वर तपासून फरक लिहून ठेवा.

पहिले ३०० किलोमीटर सावकाश चालवा. नव्या रबरावरचा तेलकट थर जाईपर्यंत पकड अर्धवट असते. रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून पाहा. त्यानंतर पुन्हा एकदा ठोकळ्यांवर चढवून क्लेची तपासणी करा, कारण टायर वापराने थोडा फुगतो. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली आणि आता जास्त जड, म्हणून दाराचे बिजागर, कुलूप आणि रबरी टेकू सैल झाले का ते दर महिन्याला हलवून बघा. आणि दर ८,००० किलोमीटरला तीही फेऱ्यात घ्या, म्हणजे पाचही टायर सारखे झिजतील.