वळवाचं वादळ येताना मोबाईलवर बघायचं काय आणि शेतात आवरायचं काय

मार्च लागला की मान्सून येईपर्यंत दुपारी सगळ्यांचा एकच प्रश्न, आज येतंय का नाही. सकाळी ग्रुपवर फिरणारा 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस' हा मेसेज खोटा नसतो, पण त्यावरून तुमच्या शिवारात काय होणार ते कळणार नाही, कारण वळवाचा ढग इतका छोटा असतो की एका गावात गारांचा खच पडतो आणि शेजारच्या गावात नुसती धूळ उडते. तो अंदाज फक्त दिवसाचं प्लॅनिंग करायला वापरा. यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर त्या दिवशी मोठी काढणी, मळणी मांडू नका, बास. खरं काम दुपारी दोननंतर, ढग बांधायला लागला की त्याच्या मागावर राहायचं.

त्यासाठी हवामान खात्याचं मौसम अ‍ॅप किंवा वेबसाईट उघडा आणि दोन गोष्टी बघा, नाऊकास्ट आणि रडार. नाऊकास्ट म्हणजे पुढच्या तीन तासांचा इशारा, तो दिवसातून बऱ्याचदा बदलतो त्यामुळे दुपारी बारा वाजता बघितलेला चार वाजता काही कामाचा नाही. रडारचा फोटो मात्र साधारण दहा-पंधरा मिनिटांनी नवीन येतो आणि त्यात पाऊस आत्ता कुठंय ते दिसतं. निळा-हिरवा म्हणजे हलका, पिवळा-लाल म्हणजे जोराचा, आणि आकडा पन्नास-पंचावन्न डीबीझेडच्या (ढगावरून रडारला परत येणारा सिग्नल किती जोराचा, त्याचं माप) वर गेला असेल तर त्या ढगात गारा असण्याची शक्यता चांगलीच असते. फोटोवरची वेळ नीट वाचा, बऱ्याच फोटोंवर ती यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, नाहीतर माणूस उगाच म्हणतो की हा फोटो सकाळचा आहे.

आता हिशोब. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन फोटो बघा, लाल ठिपका किती सरकला ते मोजा. समजा १५ किमी सरकला, म्हणजे ताशी ३० किमी, आणि तुमच्यापासून ४० किमी लांब असेल तर साधारण एक तास वीस मिनिटांत येणार, पण तुम्ही तासच धरा कारण पावसाच्या आधी वारा पोचतो. दिशा दरवेळी तीच असेल असं धरू नका, मार्चमधे बरेचदा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, मेच्या शेवटाला पूर्वेकडूनही येतात, आणि एका ढगाच्या गार वाऱ्याने पुढं दुसराच ढग उभा राहतो, म्हणून ठिपका बाजूने चाललाय असं दिसलं तरी मोबाईल खिशात टाकू नका.

रडारची एक मर्यादा लक्षात ठेवा. मुंबई, नागपूर अशा ठिकाणी रडार आहे, पण जितकं लांब जाल तितका त्याचा किरण जमिनीपासून वर जातो, दोनशे किमीवर तो तीन-चार किमी उंचीवरून बघत असतो, त्यामुळे लांबच्या तालुक्यांना फोटोत काही न दिसताही पाऊस येऊ शकतो. अशांनी इन्सॅटचे उपग्रह फोटो आणि दामिनी अ‍ॅप जोडीला ठेवावं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनीवर तुमच्या भोवती २० आणि ४० किमीत कुठं वीज पडतेय ते दिसतं आणि माझ्या मते शेतकऱ्याने एकच अ‍ॅप ठेवायचं झालं तर हेच ठेवावं. विंडीसारख्या अ‍ॅपवर जे रंगीत वारं फिरताना दिसतं तो बहुतेक वेळा कॉम्प्युटर मॉडेलचा अंदाज असतो, डोळ्यासमोरचा ढग नाही, तिथं फसू नका.

टीव्हीवर दाखवतात तसले टोर्नेडो आपल्याकडे अगदी क्वचित. पत्रे उडवणारा, केळी आडवी करणारा वारा बहुतेक वेळा ढगातून खाली आपटलेली गार जड हवा असते, ती जमिनीवर चारी बाजूला पसरते. उकाडा असताना एकदम गार झुळूक आली आणि धुळीची भिंत दिसली की अ‍ॅप बघत बसू नका, तेव्हा हातात काही मिनिटंच असतात.

तास-दोन तास असतील तर पहिला नंबर काढून पडलेल्या मालाचा. कांदा, हरभरा, हळद उंचवट्यावर गोळा करून ताडपत्री, कडेला दगड किंवा मातीची पोती. फवारणी थांबवा, औषध धुऊन जातं. केळीला किंवा उभ्या उसाला पाणी चालू असेल तर बंद करा, ओल्या जमिनीत वाऱ्याने झाड मुळासकट जातं. पॉलीहाऊसचे पडदे खाली सोडून घट्ट बांधा, आत वारा शिरला की प्लॅस्टिक फाटतंच. मोटारीचा मेन स्विच वादळ लांब असताना, म्हणजे वीज जवळ येण्याआधीच, बंद करा.

जनावरं झाडाखाली बांधू नका, तारेच्या कुंपणाजवळ तर अजिबातच नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किमी ती लांब. दहा सेकंद म्हणजे तीन-साडेतीन किमी, पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजेच तुम्ही तिच्या टप्प्यात आलात, मग ताडपत्री अर्धी राहिली तरी सोडा आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि उघडं पत्र्याचं शेड याला आसरा समजू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला म्हणून लगेच बाग बघायला धावणाऱ्यांचाच घात होतो.

बाहेर पडल्यावर आधी तारा बघा. पडलेली तार बंदच आहे असं धरू नका, महावितरणला कळवा आणि जनावरं तिकडं जाऊ देऊ नका. नुकसान झालं असेल तर आवराआवर करायच्या आधी लोकेशन आणि वेळ दिसेल असे फोटो काढा, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी) पंचनाम्यासाठी कळवा, पीक विमा असेल तर पॉलिसीत काय बसतं ते त्याच दिवशी विचारा. गारांनी फळं, फांद्या फुटल्या असतील तर जखमांमधून बुरशी शिरते, साचलेलं पाणी काढा, फुटलेला माल वेगळा करा आणि बुरशीनाशक कुठलं ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मारा. पण तेही दुसऱ्या दिवशी नाऊकास्ट बघूनच, कारण ही वादळं बरेचदा लागोपाठ दोन-तीन दिवस त्याच भागात दुपारनंतर परत येतात.