रॅस घेताना आधी विचारा, हा झोपतो कुठे?

क्रॉफर्ड मार्केटात समुद्री माशांच्या टाक्यांसमोर उभं राहिलं की नजर रॅस नावाच्या रंगीत माशांवरच खिळते. गुलाबी, हळदीसारखा पिवळा, हिरव्यावर नारिंगी नक्षीचा. दुकानदाराकडे मात्र सगळ्यांना मिळून नावं दोनच: ‘रॅस’ आणि ‘इम्पोर्टेड रॅस’. दुसऱ्याचा भाव जास्त, एवढाच फरक. रंगावरून ओळखायला जावं तर तोही दगा देतो, कारण यांच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि नंतर त्याचा नर होतो. रंग वयाबरोबरही बदलतो आणि लिंगाबरोबरही. म्हणून मी रंग बाजूला ठेवून आधी त्याच्या झोपेची चौकशी करतो. तेवढ्यावरून घराणं कळतं, वाळू लागणार की नाही ते कळतं आणि कोणाशी वाजेल याचाही अंदाज येतो.

एक टोळी वाळूत झोपते: हॅलिकोरस, लेपर्ड रॅस, कोरिस. अंग लांबट, तोंड टोकदार, ओठांतून पुढे आलेले बारीक दात. दिवे मालवायची वेळ झाली की सूर मारून वाळूत गडप. दुसरी टोळी खडकाच्या कपारीत अंगाभोवती चिकट पदार्थाचा पारदर्शक कोष विणून झोपते: फेअरी, फ्लॅशर आणि सिक्स-लाइन. यांचा डोळा काचेला नाक लावून नीट बघा. एकाशेजारी एक दोन बाहुल्या असल्यासारखा भास होतो. ही खूण एकदा पटली की दुकानदाराला काही विचारावं लागत नाही.

फेअरी आणि फ्लॅशर यांच्यात गल्लत होतेच. फ्लॅशर लहान चणीचा, सात-आठ सेंटिमीटरचा. नराच्या पाठीच्या पराला दोऱ्यासारखे लांब तंतू असतात. मॅकॉस्कर या फ्लॅशर जातीत बहुधा एकच तंतू, कार्पेंटर जातीत दोन-तीन. फेअरी थोडा मोठा आणि भरदार. माद्यांच्या बाबतीत मात्र हात टेकावेत. फेअरीच्या कितीतरी जातींच्या माद्या सारख्याच गुलाबी-लाल, शेपटीच्या बुडाशी वर एक काळा ठिपका. इथे शास्त्रज्ञही चकले आहेत. मालदीवचा गुलाबी फेअरी वर्षानुवर्षं चागोस बेटांवरच्या एका जातीचाच समजला जात होता. तो वेगळा आहे हे 2022 मध्ये जाहीर झालं आणि मालदीवच्या राष्ट्रीय फुलावरून, गुलाबावरून, त्याचं नाव सिरिलाब्रस फिनिफेनमा ठेवलं गेलं. तेव्हा मादीचं नाव कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून मान डोलवायची आणि भाव करायचा.

काही मासे मी कोणालाच घेऊ देत नाही. रेड कोरिसचं पिल्लू भगवं, पाठीवर काळ्या काठाचे पांढरे पट्टे, बघताक्षणी मोह पडतो. मोठा झाला की तो फूटभराच्या पुढे जातो आणि टाकीतले दगड उलथवत बसतो. मून रॅस पंचवीस सेंटिमीटरचा होतो आणि शोभेची कोळंबी पहिल्या आठवड्यातच फस्त करतो. निळा-काळा क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टाकीत त्याची उपासमार होते. शिवाय त्याच्यासारखाच दिसणारा ब्लेनी नावाचा एक वेगळाच मासा असतो, तो सफाईच्या नावाखाली माशांचे पर कुरतडतो. तोंड नाकाच्या टोकाशी असेल तर रॅस, खाली हनुवटीकडे असेल तर तो ठक.

आता घर. आमच्या ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आहे, म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास. चार-पाच छोट्या रॅसना ती पुरते. खाऱ्या पाण्याची घनता 1.025, तापमान 25-26 अंश. एप्रिल-मे मध्ये चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, हे जमत नाही, विजेच्या बिलाची तयारी ठेवा. वाळू साखरेएवढी बारीक आणि निदान दोन इंच जाड. भरड प्रवाळाचा चुरा घातलात तर सूर मारताना माशाचं अंग सोलवटून निघतं. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे खडक कृत्रिमच वापरा. असल्या नव्या खडकावर सूक्ष्म जीव वाढायला बरेच महिने जातात. लेपर्ड रॅस दिवसभर तेच टिपत फिरतो, म्हणून टाकी जुनी होईपर्यंत त्याचं नाव काढू नका.

झाकणाची हयगय नको. रॅस उडी मारतो, आणि दिवा एकदम बंद झाला की हमखास मारतो. बाल्कनीला लावायची कबुतरांची जाळी इथे कुचकामी, तिच्यातून फ्लॅशर आरामात निघून जातो. खिडक्यांवाल्याकडून ॲल्युमिनियमची चौकट करून घ्या, तिच्यावर सहा मिलिमीटर भोकाची पारदर्शक नायलॉन जाळी ताणून बसवा. पाइप जिथून आत येतो तिथली फटही बुजवा.

सोडायचा क्रम हाच खरा कळीचा. गरीब आधी, दांडगट शेवटी. पहिले फ्लॅशर, एक नर आणि दोन-तीन माद्या. माद्या नसल्या तर नराचा रंग हळूहळू उतरतो, आणि मग लोक म्हणतात दुकानात छान दिसत होता. मग पिवळा हॅलिकोरस. मग फेअरी. एका जातीचे दोन नर नकोत, आणि वेगळ्या जातीचे पण एकसारखे दिसणारे दोन नरही नकोत. नव्या पाहुण्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच काही दिवस ठेवा, म्हणजे जुन्यांचा राग काचेवरच आपटून ओसरतो. वाळूत झोपणाऱ्याला वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवणार असाल तर आइस्क्रीमच्या डब्यात वाळू भरून द्या. तो टाकीत सोडल्यावर चार-चार दिवस वाळूबाहेर येत नाही. उकरून बघू नका.

खाणं दिवसातून तीनदा, थोडं थोडं. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि घरची कोळंबी अगदी बारीक चिरून. आई म्हणते, माशांना सोललेली कोळंबी आणि आम्हाला सुकट.

नर पर फुलवून, रंग झळकवत दुसऱ्याच्या आडवा पोहत असेल तर ते नुसतं मिरवणं, मजा बघा. सलग पाठलाग, फाटलेले पर, कोपऱ्यात वर चिकटून राहिलेला मासा दिसला तर मात्र दांडगट बाहेर काढा. बहुतेक वेळा तो सिक्स-लाइन असतो: नारिंगी अंग, सहा जांभळट-निळ्या रेघा, जेमतेम तीन इंच आणि मिजास फुटभर. दिवसा जाळ्यात तो सापडत नाही. संध्याकाळी कुठल्या कपारीत शिरतो ते बघून ठेवा आणि टाकीचे दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन जा. कोषात असतो तेव्हा सुस्त असतो, पारदर्शक डब्यात अलगद ढकलता येतो. दोन आठवडे त्याला त्याच डब्यात ठेवा, तेवढ्यात खडकांची मांडणी बदलून टाका. तरी सुधारला नाही तर दुकानदाराला परत द्या. अर्धे पैसे मिळतील, घ्या.