घरच्या ग्रीनहाऊसमध्ये वसंतासाठी बियांपासून रोपं कशी करायची

ग्रीनहाऊस हाताशी असलं की थंडी सरायच्या आतच सगळं बियाणं एकदम पेरून टाकावंसं वाटतं, पण तसं करू नका प्लीज. फार लवकर पेरलेलं रोप वाढतं आणि बाहेर मात्र अजून थंडीच असते, मग ते ट्रेमध्येच मुळांचा गुंता करून खुंटतं आणि वेळेवर पेरलेलं रोप त्याच्या पुढे निघून जातं.

म्हणून आधी कॅलेंडर काढा. तुमच्या भागात दव गोठवणारी शेवटची थंडी साधारण कधी पडते ती तारीख धरा आणि तिथून उलटं मोजा. कांदा, पिटुनिया, स्नॅपड्रॅगन १०-१२ आठवडे आधी, मिरची, ढोबळी मिरची, वांगी ८-१०, टोमॅटो ६-८, झेंडू ६ च्या आसपास, झिनिया ४-५ आणि काकडी-भोपळा फक्त ३-४ आठवडे. कोबी-फ्लॉवरला गारवा सोसतो त्यामुळे ती रोपं त्या तारखेच्या २-३ आठवडे आधीच बाहेर जातात, म्हणजे पेरणीही तेवढी आधी. गाजर आणि मुळा ट्रेमध्ये लावूच नका, थेट जमिनीत पेरा, मुळं हलली की गाजर वाकडंतिकडं वाढतं.

बी जुनं असेल तर ओल्या टिश्यूपेपरमध्ये १० बिया गुंडाळून, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. ७-८ उगवल्या तर बिनधास्त पेरा, ३-४ च उगवल्या तर दाट पेरा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत नरम पडतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चारेक वर्षं टिकतं.

ट्रेमध्ये बागेतली माती भरू नका, ती घट्ट बसते आणि बुरशीही सोबत आणते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि थोडं चाळलेलं गांडूळखत पुरे. मिश्रण आधीच भिजवून घ्या, मूठ दाबल्यावर एखादा थेंब निघाला की ओल बरोबर. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जायला हवं, पण पिटुनिया, स्नॅपड्रॅगन, लेट्यूस यांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, त्या वरच ठेवून बोटाने हलकं दाबायचं, झाकायच्या नाहीत. पॅन्सीला उलट अंधार आवडतो. लेबल लगेच लावा, कोवळेपणी कोबी आणि फ्लॉवर कोणालाच वेगळे ओळखता येत नाहीत!

आता सगळ्यात महत्त्वाचं, तापमान. उन्हाच्या दिवशी छोटं बंद ग्रीनहाऊस दुपारी ३५-४० अंशांपर्यंत सहज जातं आणि हीटर नसेल तर रात्री जवळपास बाहेरच्याइतकंच गार होतं, आणि रोपांना नुसत्या थंडीपेक्षा हे वरखाली जास्त बाधतं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टांगा, ऊन चढलं की खिडकी उघडा, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत बंद करा. आणि बियांना ऊब खालून द्या. अख्खं ग्रीनहाऊस तापवण्यापेक्षा ट्रेखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) स्वस्त पडते, मिरची-वांग्याला मातीत २५-२८ अंश मिळाले की उगवण छान होते, टोमॅटोला २१-२७ चालतं. लेट्यूसला मात्र मॅट नको, २७ च्या वर बरंचसं बी झोपूनच राहतं.

कोंब वर आले की मॅटवरून काढायचे, ट्रेवर झाकण घातलं असेल तर तेही काढायचं आणि भरपूर उजेडात ठेवायचे. ऊब जास्त आणि उजेड कमी झाला की रोपं लांबुडकी होऊन वाकतात. ढगाळ दिवस जास्त असतील तर रोपांवर ४-५ इंचांवर साधी एलईडी ट्यूब १४-१६ तास लावा.

पाणी ट्रेच्या खालून द्या, सकाळी, आणि वरची माती थोडी सुकल्यावरच. रात्रभर वरून ओली राहिलेली माती आणि कोंडलेली हवा म्हणजे रोपं कोलमडण्याच्या रोगाला आमंत्रण, खोड मातीजवळ बारीक पडतं आणि रोप एका रात्रीत आडवं होतं. त्याला औषध नाही, तो ट्रे बाजूला काढा आणि बाकीच्यांना छोट्या पंख्याची वाऱ्याची झुळूक द्या. तिने खोडंही दणकट होतात.

पहिली दोन पानं ही बीजपत्रं असतात, त्यानंतरची खरी पानं आली की विरळणी करा, जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं सुटतात. मग मोठ्या कुंडीत हलवा, पानाला धरून, खोडाला कधीच नाही. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. खत आता सुरू करा, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्धंच.

बाहेर लावायच्या ७-१० दिवस आधी रोपं काटक करायला घ्या, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त ऊन-वारा आणि शेवटी एक-दोन रात्री बाहेरच. ही पायरी गाळली तर पानं एका दुपारीत पांढरी पडून करपतात. लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करा, काकडी-भोपळ्याच्या मुळांना अजिबात धक्का न लावता.