मुलांसोबत घरची प्रार्थना कशी सुरू करावी

चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलं बायबलमधली वचनं पाठ करतात, गाणी शिकतात, ते हवंच. पण तो आठवड्यातला एखादा तास. उरलेला सगळा वेळ मूल आपल्याकडे बघत असतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितल्या आहेत, त्या घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. प्रेषित पौलही आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण काढतो.

आधी वेळ ठरवा. रात्रीच्या जेवणानंतर किंवा झोपण्यापूर्वी, दहा मिनिटं पुरेत.

मग वाचन. मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या जीवनकथेपासून, सुरुवात करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं, 16 अध्यायांचं, आणि त्यात घटना भराभर घडतात. रोज एकच प्रसंग वाचा आणि लगेच तात्पर्य सांगू नका. मुलांना बोलू द्या. शंभरांतलं एक मेंढरू हरवलं म्हणून मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो, तो हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचल्यावर आमच्या धाकटीने विचारलं, "मग त्या 99 मेंढरांजवळ कोण होतं?" मला उत्तर आलं नाही. आम्ही पुन्हा लूकचा 15वा अध्याय उघडला, तर तिथे ती रानातच सोडलेली! धाकटी बराच वेळ त्यावर विचार करत बसली. "असे प्रश्न विचारू नयेत" एवढं मात्र कधीही म्हणू नका.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ करून घेताना अर्थही सांगा. मत्तयाच्या शुभवर्तमानात "आमची ऋणे आम्हांस सोड" असं आहे. ऋण म्हणजे उसने पैसे, असं मुलांना वाटतं. लूकच्या 11व्या अध्यायात त्याच जागी "पापांची क्षमा कर" असं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की अर्थ उलगडतो.

यापुढची पायरी आईबाबांसाठी अवघड आहे, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. दिवसभरात मुलावर उगाच ओरडला असाल तर प्रार्थनेआधी त्याचं नाव घेऊन त्याची माफी मागा आणि मग देवाची मागा. "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" हे इफिसकरांस पत्रातलं वचन आपल्यासाठीच आहे. क्षमा हा शब्द मूल तिथे शिकतं.

शेवटी मुलाला त्याच्या शब्दांत प्रार्थना करू द्या. तो आजारी मांजरासाठी करेल, उद्याच्या गणिताच्या पेपरासाठी करेल. चुका सुधारू नका, "आमेन" म्हणा.

मोठं मूल एखाद्या दिवशी "मला नाही यायचं" म्हणालं, तर जबरदस्ती करू नका. तुम्ही बसा, दार उघडं ठेवा, आणि प्रार्थनेत त्याचं नाव घ्या.