पगारबिल मोठं म्हणून ट्रॉफी मिळते का? बेसबॉलचा हिशेब घरी कसा तपासायचा

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो. पगारपत्रक तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि बेसबॉल हा भाच्याने लावलेला नाद. भाचा न्यू जर्सीत असतो, न्यूयॉर्क मेट्सचा भक्त. तिकडचा रात्री आठचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, म्हणजे पहिला चहा होईपर्यंत तीन-चार डाव झालेले असतात.

'पैसा ओतला की कप येतोच' असं छातीठोक सांगणारे बेळगावात पुष्कळ भेटतात. त्यातले काही स्वतः टेनिसबॉल स्पर्धांत संघ उतरवतात, गोव्याहून नाहीतर मुंबईहून पेड खेळाडू आणतात, म्हणजे अनुभवाचंच बोलतात. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. वहीत मांडून बघितलं तर लागतं, आणि मांडायला अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलसारखी सोय कुठे नाही. आयपीएल इथे उपयोगाचं नाही, कारण तिथे सगळ्यांना सारखीच पर्स. २०२५ साठी ती १२० कोटी रुपये होती. बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर दंडवजा कर भरा आणि हवं तेवढं उधळा. ती रक्कम २०२५ मध्ये २४.१ कोटी डॉलर होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलात तर अधिभार वेगळा. त्यात ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, आणि खेळाडूंचे पगार जगजाहीर. हिशेबनिसाला आणखी काय पाहिजे?

साहित्य म्हणाल तर एक्सेल किंवा मोबाइलवरची कुठलीही शीट आणि पावसाळ्यातला एखादा रविवार. आमच्याकडे जून ते सप्टेंबर त्याला तोटा नाही.

आधी प्रश्नाचे दोन तुकडे करा

'पैशाने जिंकता येतं का' हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पैशाने सामने जिंकता येतात का? आणि पैशाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी शेवटची मालिका, जिंकता येते का? चहाच्या टपरीवर दोन्हींची भेळ होते आणि मग दोन्ही बाजू बरोबर ठरतात. म्हणून शीटमध्ये प्रत्येक संघापुढे तीन वेगळे रकाने करा: किती सामने जिंकले, प्लेऑफला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांना) पोचला का, विजेता झाला का. तिसऱ्या रकान्यात दरवर्षी एकच 'हो' येणार आणि एकोणतीस 'नाही'. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून लोक छातीठोक बोलतात, हे तिथेच लक्षात येतं.

पगारबिल कुठलं घ्यायचं

इथे घाई करू नका. एकाच संघाचे एकाच वर्षाचे तीन वेगळे आकडे सापडतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. एक मोसमाच्या पहिल्या दिवशीचा. दुसरा वर्षाअखेरचा, प्रत्यक्ष दिलेल्या पैशाचा. तिसरा करासाठी धरलेला, ज्यात कराराची एकूण रक्कम वर्षांनी भागून सरासरी काढतात. (एक सूचना: तिकडचे आकडे मिलियनमध्ये असतात. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, हे शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा. रुपयांत मात्र करू नका, उगाच डोळे फिरतात.)

हे तीन आकडे किती लांब जाऊ शकतात ते शोहेई ओहतानीच्या करारात दिसतं. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याच्याशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे. खेळतोय तोवर वर्षाला फक्त २० लाख. आमच्या कारखान्यात कामगार उचल घेतो आणि पुढे फेडतो. ह्या बहाद्दराने काम आधी करून पगारच मालकाकडे ठेवला. करासाठी त्याची किंमत वर्षाला सुमारे ४.६ कोटी धरतात. आता तुम्ही रोख पगार धरला तर डॉजर्स अचानक काटकसरी दिसू लागतील.

उलट प्रकारही आहे. बॉबी बोनिया मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ मध्ये. त्याला मेट्स २०११ पासून दर १ जुलैला जवळपास ११.९ लाख डॉलर देतात आणि २०३५ पर्यंत देणार आहेत. हे पैसे आज एकही धाव काढत नाहीत. माझ्या भाषेत ही जुनी देणी, चालू वर्षाचा खर्च नव्हे.

आणि २०२३ चे मेट्स. हे उदाहरण मी कुणालाही सोडत नाही, भाच्याला तर नाहीच. मोसमाच्या सुरुवातीला पगारबिल साधारण ३५ कोटी डॉलर, त्या वर्षीचं सगळ्यात मोठं. मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हरलँडर हे दोन म्हातारे पण नावाजलेले पिचर (चेंडू टाकणारे) प्रत्येकी वर्षाला ४.३३ कोटींवर. जुलैअखेर संघ बुडाला आणि दोघांना टेक्सासला पाठवलं, शर्झर रेंजर्सकडे, व्हरलँडर ह्यूस्टन ॲस्ट्रॉसकडे, पगाराचा मोठा हिस्सा मेट्सनीच भरायच्या बोलीवर. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या (मेजर लीगचे दोन गट, अमेरिकन आणि नॅशनल, त्यातला एक) अंतिम मालिकेत हेच दोन संघ समोरासमोर आले आणि दोन्हीकडून मेट्सच्या पैशाचे पिचर खेळले. रेंजर्स ती मालिका सातव्या सामन्यात जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. मेट्स ७५ विजय, ८७ पराभव करून घरी, वर साधारण १० कोटी डॉलरचा कर. वर्षाअखेरचा आकडा घेतला तर हा सगळा खर्च मेट्सच्या नावावर दिसतो आणि फळ दुसऱ्याच्या.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या दिवशीचा आकडा घ्या आणि सगळ्या वर्षांना तोच ठेवा. त्याला आणखी एक कारण आहे. जिंकत असलेला संघ जुलैमध्ये नवे खेळाडू घेतो, त्याचं बिल फुगतं. हरणारा विकतो, त्याचं घटतं. वर्षाअखेर बघितलं तर वाटतं पैशाने जिंकले, पण तिथे जिंकत होते म्हणून पैसे खर्चले गेलेले असतात.

सरासरीने भागा, वर्षं निवडा

२००३ मध्ये १५ कोटी डॉलर म्हणजे न्यूयॉर्कचाच दुसरा संघ यांकीज, सगळ्यांच्या वर. आज तेवढ्यात सरासरीही गाठता येत नाही. त्यामुळे प्रत्येक संघाचं बिल त्या वर्षीच्या ३० संघांच्या सरासरीने भागा. १ म्हणजे सरासरी, २ म्हणजे दुप्पट. वर्षांची तुलना यानेच होते.

१९९४ सोडा, संपामुळे वर्ल्ड सिरीजच झाली नाही. २०२० सोडा, ६० सामन्यांचा मोसम होता. ३० संघ १९९८ पासून आहेत, तिथून सुरू करा.

आता बघा

एक्सेलमध्ये 'कोरेल' नावाचं सूत्र आहे. भागलेलं पगारबिल एका बाजूला, जिंकलेले सामने दुसऱ्या बाजूला, एकेका वर्षासाठी लावा. उत्तर शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पक्का. बहुतेक वर्षी शून्याच्या वर पण १ पासून बरंच खाली असं काहीतरी मिळेल. सूत्राचा कंटाळा असेल तर संघांचे वरचे दहा, मधले दहा, खालचे दहा असे गठ्ठे करून प्लेऑफला पोचलेले मोजा. वरचा गठ्ठा जड निघतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, बऱ्यापैकी'. यात लाजण्यासारखं काही नाही, चांगला खेळाडू महाग असतोच.

अपवाद मात्र डोळ्यांत भरतात आणि गोष्टी त्यांच्याच सांगितल्या जातात. ओकलंडने २००२ मध्ये यांकीजच्या साधारण एक तृतीयांश पैशात त्यांच्याइतकेच, १०३ सामने जिंकले, त्यात सलग २०. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून हरले. २०२३ मध्ये तर बिलाच्या यादीतले पहिले तिघे, मेट्स, यांकीज आणि सॅन डिएगो, एकही प्लेऑफमध्ये नव्हता. आणि बिलात तळाशी असलेल्या बाल्टिमोरचे १०१ विजय.

खानापूरचा माझा एक मित्र संख्याशास्त्र शिकवतो. त्याला शीट दाखवली तर म्हणाला, "दहा सामन्यांच्या फरकावरून काय सांगायलास? नाणं उडवलंस तरी १६२ वेळांत सहा-सात इकडचे तिकडे होतात की." बरोबर आहे. ९० विजयांचा संघ आणि ८४ विजयांचा संघ यांत नक्की कोण चांगला, हे एका वर्षात कळत नाही. २०२३ ची वर्ल्ड सिरीज ह्याच दोन आकड्यांत झाली, रेंजर्स ९० आणि ॲरिझोना ८४.

ट्रॉफीच्या रकान्यासाठी नाणं घ्या

दुसऱ्या प्रश्नाला शीटपेक्षा साधं गणित जास्त उपयोगी. २०२२ पासून १२ संघ प्लेऑफला जातात. वरच्या चौघांना पहिली फेरी माफ. पुढे पाच सामन्यांची एक मालिका आणि सातच्या दोन. समजा तुमचा संघ इतका चांगला की प्लेऑफमधल्या कुठल्याही संघाला दहातल्या सहा वेळा हरवतो. १६२ सामन्यांत हा हिशेब ९७ विजयांचा होतो, म्हणजे दणदणीत संघ. पाचची मालिका तो ६८ टक्के वेळा जिंकेल, सातची ७१ टक्के. तिन्ही गुणा: ३४ टक्के. म्हणजे तीनातले दोन ऑक्टोबर तो रिकाम्या हाताने परतणार, आणि त्यात कुणाची चूक नसणार. ६० च्या जागी ५५ टक्के धरलं तर गुणाकार २२ वर येतो. अगदी सम-समान संघालाही साडेबारा टक्के मिळतातच.

हे करून बघितल्यावर जुने निकाल चमत्कार वाटत नाहीत. सिॲटल २००१ मध्ये ११६ सामने जिंकून वर्ल्ड सिरीजला पोचलं नाही. सेंट लुईसने २००६ मध्ये ८३ विजयांवर ती जिंकली. डॉजर्स २०२२ मध्ये १११ विजय घेऊन पहिल्याच मालिकेत गारद. यांकीजचं बिल २००२ पासून २००८ पर्यंत दरवर्षी सगळ्यात मोठं होतं आणि कप एकदाही नाही. २००३ मध्ये तर त्यांना त्यांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागवणाऱ्या फ्लोरिडाने अंतिम फेरीत हरवलं. मग २००९ मध्ये सबाथिया, टेशेरा, बर्नेट असे तीन मोठे करार करून जिंकले, आणि सगळे म्हणाले, बघा, पैसा!

आमच्या टेनिसबॉल स्पर्धांत तर आठ-दहा षटकांचा एक सामना हरला की संघ बाहेर. तिथे पेड खेळाडूंनी जिंकून दिलं असं सांगणाऱ्याला, मागच्या वेळी तेच खेळाडू कुठल्या फेरीत हरले ते विचारा.

स्वस्त चांगले खेळाडू कुठून येतात

एवढं समजलं नाही तर शीटमधले अर्धे अपवाद अंगावर येतात. बेसबॉलमध्ये नवा खेळाडू साधारण पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास असतो. २०२५ मध्ये किमान ७.६ लाख डॉलर. पुढची तीन वर्षं लवादाने पगार वाढतो. सहा वर्षांची सेवा झाली की बाजार मोकळा, आणि तेव्हा तो तिशीकडे झुकलेला. मोठी बिलं बहुतेक वेळा मागच्या कामगिरीची किंमत मोजत असतात. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये दहा लाखांहून कमी मूळ पगारावर नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. पण एक स्वस्त हिरा पुरत नाही. पिट्सबर्ग प्लेऑफच्या जवळपासही नव्हतं. त्याच वर्षी जुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी कबूल केलेले मेट्सही नव्हते. शक्य असेल तर प्रत्येक संघाचं सरासरी वय असा एक रकाना वाढवा, बिल आणि वय हातात हात घालून चालताना दिसतात.

शेवटची ओळ भरताना

सध्या सगळे डॉजर्सकडे बोट दाखवतात: २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन कप. मोसमात सर्वाधिक विजय मिळवलेल्या, कमी खर्चाच्या मिलवॉकीला त्यांनी २०२५ मध्ये ४-० असं झोपवलं, हे खरंच. वर्ल्ड सिरीज मात्र टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्याच्या अकराव्या डावापर्यंत (एरवी नऊच) गेली. माझ्या शीटमध्ये त्या ओळीपुढे शेरा दोन भागांत आहे. डॉजर्सचा पिचर यामामोटो, १२ वर्षांचा ३२.५ कोटींचा करार, सहावा सामना जिंकून दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा आला आणि शेवटचा बळी घेतला: हा भाग पैशाचा. त्याच सातव्या सामन्याच्या नवव्या डावात एक बाद झालेला, डॉजर्स एका धावेने मागे, आणि होमरनसाठी कुणी ओळखत नाही अशा मिगेल रोहासने चेंडू कुंपणापार घालवून बरोबरी केली: ह्या भागापुढे रक्कम लिहिलेली नाही.