जिम सोडली तरी खात्यातून पैसे जातात? ते थांबवायचे आणि परत मिळवायचे कसे

जिम बंद करतोय असे काउंटरवर सांगितले की तिथल्या रजिस्टरातले नाव कमी होते. दरमहा पैसे कापायची जी परवानगी आपण बँकेला दिलेली असते, म्हणजे मँडेट, ती मात्र तशीच राहते. कधी उलटे होते: मँडेट रद्द केले जाते, करार चालूच राहतो आणि काही महिन्यांनी थकबाकीचा मेसेज येतो. म्हणून करार आणि मँडेट ही दोन्ही टोके वेगवेगळी बंद करायची, आणि तीही लेखी. गोव्यातून सहा-नऊ महिने बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवे. 'फ्रीज करा', म्हणजे मेंबरशिप तात्पुरती थांबवा, असे तोंडी सांगून माणूस निघतो आणि इकडे खात्यातून हप्ते जात राहतात.

१. पैसे कोणत्या वाटेने जातात ते ओळखा

मागच्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट काढून जिमच्या प्रत्येक नोंदीपुढे खूण करा. नोंदीत 'एसीएच' किंवा 'नॅच' असेल तर ते थेट बँक खात्यावरचे मँडेट. 'यूपीआय'सोबत 'मँडेट' किंवा 'ऑटोपे' दिसले तर यूपीआयचे. कार्डाच्या स्टेटमेंटवर येत असेल तर कार्डावरची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे कार्डावरचे मँडेट.

जिमऐवजी एखाद्या फायनान्स कंपनीचे नाव दिसले तर घाई करू नका. 'वर्षाची फी सोप्या हप्त्यांत' या ऑफरमागे अनेकदा आपल्या नावावर काढलेले कर्ज असते. कंपनीने जिमला पैसे आधीच दिलेले असतात आणि आपण कंपनीचे हप्ते फेडत असतो. असे मँडेट परस्पर रद्द केले की हप्ता थकतो आणि सिबिल स्कोअर घसरतो, मग जिमला कुलूप का लागलेले असेना. इथे आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, सेवा बंद झाल्याचा पुरावा जोडा आणि जिमने उरलेली रक्कम कंपनीला परत करून कर्ज मिटवावे, अशी मागणी दोघांकडेही करा.

२. पुढची कापणी थांबवा

यूपीआय: मँडेट ज्या ॲपमधून दिले तेच ॲप उघडा आणि प्रोफाइलमधल्या 'ऑटोपे' भागात जा. रद्द करण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. नाव, रक्कम, मुदत आणि मँडेट क्रमांक त्यात दिसला पाहिजे. मग रद्द करा आणि रद्द झाल्याच्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा. 'पॉज' निवडू नका, त्याची मुदत संपली की कापणी पुन्हा सुरू होते. नुसते ॲप काढून टाकल्याने काहीच थांबत नाही.

नॅच: प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा २० अक्षरी क्रमांक असतो. तो नेट बँकिंगच्या मँडेट भागात सापडतो, नाहीतर शाखेत मिळतो. खाते लहान सहकारी बँकेत असेल तर ॲपमध्ये ही सोय नसण्याची शक्यता असते. सरळ शाखेत जाऊन अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कापणीच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी हे उरका. 'आधी जिमचे पत्र आणा' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगा की चेक थांबवण्यासारखीच ही खातेदाराची सूचना आहे, आणि नकार हवाच असेल तर तो लेखी मागा.

कार्ड: बँकेच्या ॲपमध्ये किंवा कापणीपूर्वी येणाऱ्या मेसेजमधून बँकेच्या मँडेट पानावर जाऊन रद्द करा. कार्ड आणि यूपीआयच्या मँडेटसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी रकमेसह सूचना आली पाहिजे, आणि जिमच्या फीसारखी कापणी ₹१५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी किंवा पिन लागतो. सूचना आलीच नसेल तर तक्रारीत ते आवर्जून लिहा. नॅचला हा नियम लागू नाही.

एक गोष्ट मुळीच करू नका: पैसे जाऊ नयेत म्हणून खाते रिकामे ठेवणे. दर वेळी बँकेचा बाउन्स चार्ज लागतो. शिवाय पैसे नसल्याने मँडेट परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली, चेक बाउन्ससारखाच, गुन्हा ठरू शकतो.

३. जिमला लेखी कळवा

आधी करार वाचा. एक महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर त्या महिन्याची फी देणे लागते. तीही परत मागितली की आपली बाजू लंगडी होते. मग बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहा. गोव्यातली नोंदणी ३० ने सुरू होते. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की बोर्डावरच्या झगमगीत नावामागे कायद्याने कोण आहे ते कळते. तक्रार त्याच नावाने करावी लागते.

ईमेल पाठवा आणि तोच मजकूर पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

'माझी मेंबरशिप क्र. ___ मी दि. ___ पासून बंद करत आहे / दि. ___ रोजी बंद केली आहे. त्यानंतर माझ्या खात्यातून दि. ___, ___ रोजी एकूण ₹___ कापले गेले. ही रक्कम १५ दिवसांत त्याच खात्यात जमा करावी, मँडेट आपल्या बाजूनेही रद्द करावे आणि माझ्याकडे काही बाकी नसल्याचे पत्र द्यावे.'

शेवटचे वाक्य गाळू नका. थकबाकीचे फोन पुढे त्या पत्रानेच थांबतात.

४. बँकेकडे काय मागता येते

इथे बहुतेकांची गल्लत होते. मँडेट जिवंत असताना गेलेल्या पैशांना बँक 'अनधिकृत व्यवहार' मानत नाही, कारण परवानगी आपलीच होती. ते पैसे जिमकडूनच वसूल करायचे. पण रद्द केल्यानंतरही कापणी झाली, तर चूक बँकेच्या यंत्रणेत आहे. शिक्क्याची प्रत किंवा स्क्रीनशॉट जोडून त्याच दिवशी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. कार्डाच्या बाबतीत चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, मात्र त्याला मुदत असते. महिने जाऊ देऊ नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

५. जिम दाद देत नसेल तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथून आदेश निघत नाही, पण जिमकडे अधिकृत विचारणा जाते आणि लहान रकमा अनेकदा तिथेच मिटतात.

नाहीच मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. ₹५ लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. जिमचे मुख्य कार्यालय मुंबईत किंवा बेंगळुरूत असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते.

मांडणी 'सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा' अशी करा. 'करारच अन्यायकारक आहे' अशी मुख्य तक्रार केली तर ती राज्य आयोगाकडे जावी लागते. दोन-चार हजारांसाठी त्या फेऱ्यात पडू नये. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलेले पाहून मात्र कच खाऊ नका. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेण्याचा हक्क त्या शिक्क्याने मिळत नाही. मेंबरशिप ॲपवरून घेतली असेल आणि रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवली असेल, तर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या रचनेविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांतल्या 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'चाही उल्लेख करा.

बोटीवर जायची तारीख जवळ आली असेल तर निघण्याआधी दोन कागद करून ठेवा: तक्रारीसोबतचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि घरच्या एखाद्या प्रौढ माणसाच्या नावे अधिकारपत्र. सुनावणीला मग ते हजर राहू शकतात.